साइन ३एक्स = कॉस २एक्स: उत्तरं पाच की सहा?

प्रश्न अमळनेरच्या एका बारावी सायन्सच्या मुलीचा आहे, सीईटीची तयारी चालू आहे. साइन ३एक्स = कॉस २एक्स, एक्स शून्यापासून २पायपर्यंत (२पाय म्हणजे ३६०°, तो स्वतः धरायचा नाही), वेगवेगळी उत्तरं किती? तिने फॉर्म्युल्याने सोडवलं तर सहा आली, उत्तरसूचीत पाच दिलीत. तिचं म्हणणं असं की सर माझी एकही स्टेप चुकलेली नाही, तीनदा तपासली, मग एक उत्तर गेलं कुठे? आणि जोडीला दुसरी शंका, की बोर्डाच्या पेपरात जनरल सोल्युशन, म्हणजे सगळी उत्तरं सूत्राने, लिहिताना दोन फॅमिली (कोनांचे दोन गट) लिहिल्या आणि त्यातली एक दुसरीच्या पोटातच निघाली तर उत्तर चूक धरायचं का.

जळगावात अकरावी-बारावीचं गणित शिकवण्यात माझा निम्मा जन्म गेला, आणि ही शंका दर बॅचला येते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगून टाकतो. तुझी स्टेप खरंच चुकलेली नाही आणि उत्तर कुठे गेलेलंही नाही. एक कोन दोनदा आलाय आणि तू तो दोनदा मोजलायस, बस. फॉर्म्युला तुला कोन काढून देतो, पण हा कोन आधी येऊन गेला का हे तो बघत नाही. ते काम आपलं.

आता वहीत काय झालं असेल ते बघू. साइन ३एक्सचं कॉस केलं, म्हणजे कॉस(९०° − ३एक्स). मग कॉस २एक्स = कॉस(९०° − ३एक्स), म्हणून

२एक्स = ३६०°एन ± (९०° − ३एक्स), एन म्हणजे कुठलाही पूर्णांक

प्लसवाली फांदी घेतली: ५एक्स = ३६०°एन + ९०°, म्हणजे एक्स = ७२°एन + १८°. एनला ०, १, २, ३, ४ देत गेलं की १८°, ९०°, १६२°, २३४°, ३०६°. पुढचा ३७८° म्हणजे बाहेर गेला. पाच झाले.

मायनसवाली फांदी: २एक्स = ३६०°एन − ९०° + ३एक्स, म्हणजे एक्स = ९०° − ३६०°एन. ० ते ३६० मधे यातला एकच बसतो, ९०°.

पाच अधिक एक सहा, असं तू लिहिलंस. पण हा दुसऱ्या फांदीतला ९०° पहिल्या फांदीत एन = १ ला येऊन बसलेलाच आहे ना! लग्नात एखाद्याकडे नवरदेवाकडची पण पत्रिका आली आणि नवरीकडची पण, तरी वरण-बट्टीच्या पंगतीत त्याचं पान एकच मांडायचं असतं. पत्रिका मोजू नको, पानं मोज. उत्तर पाच.

इथपर्यंत तर कोणीही सांगेल. खरा प्रश्न हा आहे की दोन्ही फांद्या नेमक्या ९०° लाच का भेटल्या, १८° ला का नाही भेटल्या, आणि हे आधीच ओळखता येतं का. येतं, आणि सोपं आहे.

कॉस ए = कॉस बी मधून दोन फांद्या का निघतात? कारण वर्तुळावर एकाच कॉस व्हॅल्यूचे दोन कोन असतात, एक वर, एक खाली, बी आणि मायनस बी. हे दोन कोन एकच कधी होतात? वर्तुळाच्या उजव्या टोकाला किंवा डाव्या टोकाला, म्हणजे कॉसची व्हॅल्यू १ किंवा −१ असेल तेव्हाच. बाकी कुठेही वरचा वर आणि खालचा खाली. कागदावर करून बघायचं असेल तर ए = बी + ३६०°एन आणि ए = −बी + ३६०°एम ही दोन्ही एकदम खरी धर, वजाबाकी कर, २बी हा ३६०° च्या पटीत येतो, म्हणजे बी हा १८०° च्या पटीत, म्हणजे कॉस बी = ±१. साइनचंही तेच, फक्त तिथे टोकं वर-खाली आहेत, साइनची व्हॅल्यू ±१ असली की बी आणि १८०° − बी एक होतात. टॅनला तर एकच फांदी, एन पाय + अल्फा, त्यामुळे तिथे ही भानगडच नाही.

म्हणजे करायचं काय, तर कोन काढून झाले की मूळ समीकरणाच्या एका बाजूला एकेक कोन ठेवून बघायचा. व्हॅल्यू १ किंवा −१ आली की समज हा कोन दोन्ही फांद्यांमधून आलाय, एकदाच धर. नाही आली तर तो एकाच फांदीतून आलाय, बिनधास्त मोज. तुझ्या गणितात ९०° ला साइन २७०° = −१ आणि कॉस १८०° = −१. सापडला! १८° ला साइन ५४°, तो १ पण नाही आणि −१ पण नाही, म्हणून तिथे डबल नाही. पण एक लक्षात ठेव, ही ट्रिक कॉस ए = कॉस बी किंवा साइन ए = साइन बी अशा एकाच समीकरणाच्या दोन फांद्यांसाठी आहे. दोन वेगवेगळे फॅक्टर शून्य करतो तिथलं वेगळं, ते खाली येतंय.

ग्राफवाले यात कसे फसतात तेही बघ. ९०° ला साइन ३एक्सचा ग्राफ एकदम तळाला गेलेला असतो आणि कॉस २एक्सचा पण तळालाच. दोन्ही तिथे एकमेकांना नुसते टेकतात आणि पुन्हा वर जातात, एकमेकांना कापत नाहीत. घाईत हाताने काढलेल्या ग्राफमधे कापणारे चार दिसतात आणि टेकणारा निसटतो, म्हणून काही पोरं चार पण उत्तर आणतात. एकाच गणिताला चार, पाच, सहा अशी तिन्ही उत्तरं एका बाकावर बघितलीत मी.

खात्री करायची तर हेच गणित बीजगणिताने कर. साइन एक्सला एस म्हण. साइन ३एक्स = ३एस − ४एस³ आणि कॉस २एक्स = १ − २एस². सगळं एका बाजूला आणलं की

४एस³ − २एस² − ३एस + १ = ०

एस = १ टाकून बघ, ४ − २ − ३ + १ = ०. म्हणून (एस − १)(४एस² + २एस − १) = ०. दुसऱ्या कंसातून एस = (−१ ± रूट ५)/४, म्हणजे साधारण ०.३०९ आणि −०.८०९. आता प्रत्येक व्हॅल्यूला किती कोन? एस = १ ला एकच, ९०°. ०.३०९ ला दोन, १८° आणि १६२°. −०.८०९ ला दोन, २३४° आणि ३०६°. एक, दोन, दोन, पाच. इथे डबल मोजायचा प्रश्नच आला नाही, कारण आपण आधी व्हॅल्यू वेगळ्या केल्या आणि मग कोन काढले.

यातली पहिली व्हॅल्यू, (रूट ५ − १)/४, म्हणजे साइन १८°. ही आपल्या भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या ज्योत्पत्ती प्रकरणात दिलेली आहे, ग्रंथ ११५० चा. आणि चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलीस तर तिथल्या देवळातला शिलालेख जरूर बघ, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. पोरं तिथे दर्शन घेतात, धबधब्यावर जातात, फोटो काढतात, आणि शिलालेखापुढून तसेच निघून येतात. असो.

परत गणितावर. हा डबल मोजलेला कोन नुसत्या संख्येतच नडतो असं नाही. प्रश्न जर "वेगवेगळ्या उत्तरांची बेरीज किती" असा आला तर १८ + ९० + १६२ + २३४ + ३०६ = ८१०°, म्हणजे ९पाय/२. तू ९०° दोनदा धरलास की ९००°, म्हणजे ५पाय. आणि खात्रीने सांगतो, पेपर काढणारा ५पाय हा पर्याय ठेवणारच, त्याला माहिती असतं पोरं कुठे घसरतात. सीईटीला गणिताचा एक प्रश्न २ मार्कांचा आणि निगेटिव्ह नाही, तरी २ मार्क जातातच. जेईईला तर वर आणखी कापतात.

आता जरा मोठा घोळ बघू, जिथे एक कोन नाही, अख्खी फॅमिलीच दुसरीने गिळलेली असते.

कॉस २एक्स + कॉस ४एक्स = ०

बेरजेचा फॉर्म्युला लावला की २ कॉस ३एक्स कॉस एक्स = ०. कॉस ३एक्स = ० मधून ३०°, ९०°, १५०°, २१०°, २७०°, ३३०°, सहा. कॉस एक्स = ० मधून ९०°, २७०°, दोन. पोरगा आठ लिहून मोकळा होतो. पण ते दोन्ही वरच्या सहात आहेतच. उत्तर सहा. इथे दुसऱ्या फॅक्टरने एकही नवीन कोन दिला नाही, म्हणून जनरल सोल्युशन नुसतं (२एन + १)पाय/६ लिहिलं तरी पूर्ण आहे. ९०° आणि २७०° ला दोन्ही फॅक्टर एकदम शून्य होतात, म्हणून ग्राफ तिथे पण टेकून परत जातो.

आणि याच्या बरोबर उलट, कॉस एक्स + कॉस ३एक्स + कॉस ५एक्स + कॉस ७एक्स = ०. हे ४ कॉस एक्स कॉस २एक्स कॉस ४एक्स = ० होतं. तीन फॅक्टर बघून आपल्याला वाटतं आता तर भरपूर डबल निघतील. कॉस एक्सचे ९०° आणि २७०°. कॉस २एक्सचे ४५°, १३५°, २२५°, ३१५°. कॉस ४एक्सचे साडेबावीसपासून सुरू होऊन ४५-४५ ने पुढे, आठ. एकही कॉमन नाही! २ + ४ + ८ = १४, सरळ बेरीज. म्हणजे "दोन फॅक्टर आहेत ना, मग काहीतरी वजा करायचं" असं डोक्यात बसवून घेऊ नको, बघितल्याशिवाय काही कळत नाही.

बघायचं कसं, याची माझी रीत सांगतो. सगळ्या फॅमिली एकाच छेदावर आण. उदाहरणार्थ साइन २एक्स साइन ३एक्स = ०. पहिल्यातून एक्स = के पाय/२, दुसऱ्यातून एक्स = एम पाय/३. दोन्हींचा छेद ६ कर, ३के पाय/६ आणि २एम पाय/६. आता पायकडे बघूच नको, वरचे आकडे बघ. २पाय म्हणजे १२पाय/६, म्हणून ० ते ११ पर्यंतचे आकडे रफ पेजवर एका ओळीत लिही, आणि ज्याला ३ ने किंवा २ ने भाग जातो त्याला गोल कर. ०, २, ३, ४, ६, ८, ९, १०. आठ. एकाच आकड्याला दोनदा गोल केला तरी आकडा एकच राहतो, त्यामुळे डबल आपोआप मिटतो. वेगवेगळं मोजलं असतं तर ४ + ६ = १० आले असते, आणि ० आणि ६ दोनदा आले असते.

तुझ्या गणिताला हीच रीत लाव. पहिली फॅमिली (४एन + १)पाय/१०. दुसरी ९०° ची, म्हणजे ५पाय/१०. छेद १०, २पाय म्हणजे २०पाय/१०. ० ते १९ मधे पहिलीचे आकडे १, ५, ९, १३, १७. दुसरीचा ५. झालं, डोळ्यासमोर दिसतंय.

याच साइन २एक्स साइन ३एक्सवाल्या गणितात कंस बदलून प्रश्न विचारतात. ० ते २पाय, २पाय सोडून, तर ८. २पाय धरून, म्हणजे दोन्ही बाजूला चौकोनी कंस, तर ३६०° पण आला, ९. आणि इथे पोरं मला विचारतात, सर ० आणि ३६० म्हणजे वर्तुळावर एकच जागा ना, मग डबल नाही का झालं? नाही. एक्स ही संख्या आहे, ० ही संख्या वेगळी आणि २पाय ही संख्या वेगळी. जागा एक असली तरी उत्तरं दोन. बारावीच्या पुस्तकात प्रिन्सिपल सोल्युशन ० पासून २पायच्या आत, २पाय न धरता, असं दिलंय, त्याचं एक कारण हेच की वर्तुळाची एक जागा एकदाच मोजली जावी. पण एमसीक्यूमधे पुस्तकाचा कंस असेलच असं नाही, म्हणून आधी कंस वाच, गणित नंतर.

प्रिन्सिपल शब्दावरून आणखी एक गोंधळ होतो तो इथेच मिटवतो. इन्व्हर्स फंक्शनच्या भागात साइन इन्व्हर्स १/२ म्हटलं की एकच व्हॅल्यू, ३०°, कारण तिथे रेंज −९०° ते ९०° ठरवून दिलीय. पण साइन एक्स = १/२ ची प्रिन्सिपल सोल्युशन्स दोन आहेत, ३०° आणि १५०°. शब्द सारखा आहे म्हणून एकाचं दुसऱ्यात घुसवू नको.

आता आपण डबलच्या मागे लागलोय खरे, पण उलटा आजार पण तितकाच कॉमन आहे, उत्तरं कमी पडायचा. साइन ३एक्स = १/२ घे. पोरगा ३एक्स = ३०°, १५०° लिहितो, ३ ने भागतो, १०° आणि ५०°, संपलं म्हणतो. अरे एक्स ० ते ३६० फिरतो तेव्हा ३एक्स ० ते १०८० फिरतो ना, तीन पूर्ण चकरा. मग ३एक्सचे कोन ३०, १५०, ३९०, ५१०, ७५०, ८७०, आणि एक्सचे १०, ५०, १३०, १७०, २५०, २९०. सहा. आधी कोनाची रेंज ताणायची, तिथले सगळे कोन लिहायचे, आणि भागाकार सगळ्यात शेवटी. भागाकार आधी केला की चकरा हरवतात.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण इथे हुशार पोरं पडतात. दोन समीकरणं बघ:

टॅन २एक्स = कॉट एक्स
टॅन एक्स टॅन २एक्स = १

दिसायला एकच. पहिल्यातलं कॉट एक्स म्हणजे १/टॅन एक्स, तिकडचं इकडे आणलं की दुसरं. सोडवायचं म्हटलं तर टॅन २एक्स = टॅन(९०° − एक्स), ३एक्स = १८०°एन + ९०°, एक्स = ६०°एन + ३०°. म्हणजे ३०°, ९०°, १५०°, २१०°, २७०°, ३३०°.

पहिल्या समीकरणात ९०° ठेव. टॅन १८०° = ०, कॉट ९०° = ०. बरोबर बसतं. २७०° पण बसतो. म्हणून पहिल्याची उत्तरं सहा.

दुसऱ्यात ९०° ठेव. टॅन ९०° ची व्हॅल्यूच नाही. शून्याने गुणलं म्हणून १ कसा येईल, गुणाकारच होत नाही. ९०° आणि २७०° दोन्ही बाद, उत्तरं चार.

म्हणजे इकडचं तिकडे करताना आपण डोमेन बदलून टाकलं आणि आपल्याला पत्ताच लागला नाही. मागे एका पोराने ह्यावर माझ्याशी बराच वाद घातला, दोन्ही समीकरणं सारखीच आहेत सर, "मन्हं उत्तर बी बरोबरच शे", असं अगदी अहिराणीत ठणकावून सांगितलं त्याने. मी म्हटलं फळ्यावर ये आणि टॅन ९०° ची व्हॅल्यू लिही. खडू घेऊन उभा राहिला, मग हसला. टॅन, कॉट, सेक, कोसेक यातलं काहीही दिसलं की पहिल्याच ओळीत, सोडवायच्या आधी, कुठले कोन चालणार नाहीत ते कोपऱ्यात लिहून ठेवायचं. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

वर्ग करण्याचंही असंच. साइन एक्स + कॉस एक्स = १, दोन्ही बाजूंचा वर्ग केला की साइन २एक्स = ०, मग ०°, ९०°, १८०°, २७०°. ठेवून बघितलं तर १८०° ला −१ येतो, २७०° ला पण −१. दोन बाद, उरले ० आणि ९०. वर्ग केला की −१ वाला पाहुणा आत येतोच, त्यामुळे प्रत्येक कोन मूळ समीकरणात ठेवून बघणं कंपल्सरी. कॉमन फॅक्टर कापण्याबद्दल तर सगळेच सर ओरडतात, साइन २एक्स = कॉस एक्स मधे कॉस एक्स कापला की ९०° आणि २७०° गायब, चारची दोन होतात. कापू नको, एका बाजूला आणून कॉमन काढ. यावर जास्त लिहीत नाही.

साइन किंवा कॉसचं क्वाड्रॅटिक आलं की कोन लिहायच्या आधी व्हॅल्यू बघ. ० ते ३६० (३६० सोडून) मधे −१ आणि १ च्या आतली कुठलीही व्हॅल्यू दोन कोन देते, नेमकी १ किंवा −१ एक कोन देते, आणि त्याच्या बाहेरची काहीच देत नाही. २ साइन²एक्स − ५ साइन एक्स + २ = ० मधे साइन = २ निघतो, तो फेक, उरला १/२, उत्तरं दोन. आणि ४ कॉस²एक्स − ४ कॉस एक्स + १ = ० म्हणजे पूर्ण वर्ग, कॉस = १/२ दोनदा, पण कोन ६०° आणि ३००° दोनच. क्वाड्रॅटिक म्हणून दोन रूट, प्रत्येकी दोन कोन, म्हणून चार, असा हिशोब तोंडी करायचा नाही.

आता हे सगळं जिथे कामाला येतं ते दोन जुने प्रश्न. जेईई ॲडव्हान्स्ड २०१५ ला आलं होतं: (५/४)कॉस²२एक्स + कॉस⁴एक्स + साइन⁴एक्स + कॉस⁶एक्स + साइन⁶एक्स = २, ० ते २पाय, वेगवेगळी उत्तरं किती. बघूनच घाम फुटतो, पण साइन²२एक्सला पी म्हटलं की कॉस²२एक्स म्हणजे १ − पी, चौथ्या घाताची बेरीज १ − पी/२, सहाव्या घाताची १ − ३पी/४. सगळं जोडलं की ५/४ − ५पी/२ = ०, पी = १/२. साइन²२एक्स = १/२ म्हणजेच कॉस ४एक्स = ०. ४एक्स चार चकरा मारतो, दर चकरेत दोन, आठ. कॉस ४एक्सवर आणलं म्हणून एकच समीकरण उरलं आणि डबलची काळजी मिटली. तेच कोणी साइन २एक्स = +१/रूट २ आणि −१/रूट २ असं फोडून सोडवेल, तेही आठच येतात, फक्त लिहायचं जास्त.

दुसरा २०१६ चा, त्यात बेरीज विचारली होती. रूट ३ सेक एक्स + कोसेक एक्स + २(टॅन एक्स − कॉट एक्स) = ०, एक्स −१८०° ते १८०° च्या आत, ०° आणि ±९०° सोडून. बघ, चालणारे नाहीत ते कोन त्यांनीच प्रश्नात लिहून दिलेत, तेवढी मेहेरबानी. साइन एक्स कॉस एक्सने गुणलं की रूट ३ साइन एक्स + कॉस एक्स = २ कॉस २एक्स, म्हणजे कॉस(एक्स − ६०°) = कॉस २एक्स. प्लस फांदी: एक्स = ३६०°एन − ६०°, रेंजमधे फक्त −६०°. मायनस फांदी: ३एक्स = ३६०°एन + ६०°, एक्स = १२०°एन + २०°, रेंजमधे −१००°, २०°, १४०°. डबल आहे का? −६०° ला कॉस २एक्स = −१/२, ±१ नाही, म्हणजे दुसऱ्या फांदीत तो येणारच नाही. चौघांची बेरीज शून्य. प्रश्नात "वेगवेगळ्या" शब्द आहे तरी इथे डबल एकही नाही, पण ते एका ओळीत तपासूनच पुढे गेलेलं बरं.

एक बारीक गोष्ट, पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी आपलं जुळत नाही तेव्हाची. कॉस २एक्स = ० चं उत्तर कोणी (२एन + १)पाय/४ लिहितं, कोणी एन पाय ± पाय/४, कोणी एन पाय/२ + पाय/४. तिन्ही एकच आहेत. पटत नसेल तर प्रत्येकातून ० ते ३६० चे कोन काढ, ४५, १३५, २२५, ३१५ हेच चार येतील. उत्तर जुळलं नाही की लगेच खोडरबर घेऊ नको, आधी एका चकरेतले कोन काढून ताडून बघ.

आता तुझी दुसरी शंका, बोर्डाची. जनरल सोल्युशन म्हणजे कोनांचा संच. संचात एक गोष्ट दोनदा लिहिली तरी संच तोच राहतो. म्हणून साइन ३एक्स = कॉस २एक्सला तू एक्स = (४एन + १)पाय/१० किंवा एक्स = (४एम + १)पाय/२ असं दोन्ही लिहिलंस तर उत्तर चूक नाही, दुसरं फक्त जादाचं आहे. माझ्या पोरांना मी सांगतो की दोन्ही फांद्या सोडवून दाखवा आणि खाली एक ओळ टाका, ४(५एम + १) + १ = २०एम + ५, म्हणून दुसरी फॅमिली पहिलीतच येते. तपासणाऱ्यालाही कळतं की पोरीला समजलंय. पण प्रश्नात प्रिन्सिपल सोल्युशन्स विचारली असतील, किंवा "किती" आणि "बेरीज" असं काही असेल, तर तिथे मात्र ९०° एकदाच. आणि दोन फॅमिलींना एन हेच अक्षर दोन्हीकडे वापरू नको, एकाला एन दुसऱ्याला एम, नाहीतर एन = १ टाकून दोन्हीकडचा फक्त एकेक कोन घेणारी पोरं पण मी बघितलीत.